शिपायाच्या नजरेतून लढाई: वाचनाची पार्श्वभूमी

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे, त्यामुळे आमच्याकडे भरतीची तयारी करणारी पोरं बारमाही दिसतात. पहाटे खानापूर रस्त्याला धावतात, दुपारी वाचनालयात जनरल नॉलेज पाठ करतात. त्यातल्या एकाने मला विचारलं, "सर, आजची लढाई कशी असते हे समजायला काय वाचू?" त्याला उत्तर द्यायचं तर लढाईवरचं लिखाण कसं बदलत आलं हे आधी सांगायला हवं.

पूर्वी लढाई लिहिली जायची ती सरदाराच्या बाजूने. आपल्या बखरींत भाऊसाहेब दिसतात, विश्वासराव दिसतात. बारगीर आणि शिलेदार फक्त आकड्यात येतात. प्रशियाचा सेनाधिकारी क्लाऊझेवित्झ याचा युद्धशास्त्रावरचा, १८३२ साली निघालेला ग्रंथ आजही लष्करी शाळांत शिकवतात. युद्धात साधी गोष्टसुद्धा अवघड होऊन बसते, हे त्याने फार नेमकं पकडलं. पण ती अवघड गोष्ट ज्याच्या अंगावर येते तो माणूस तिथेही लांबच राहतो.

पहिल्या महायुद्धाने हे बदललं. १ जुलै १९१६ या एका दिवसात फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर सुमारे ५७ हजार ब्रिटिश सैनिक कामी आले किंवा जायबंदी झाले. त्यातले १९ हजारांहून जास्त मेले. त्यानंतर नकाशावरचे बाण वाचून कुणाचं समाधान होईना. खंदकातले तरुण अधिकारी स्वतः लिहू लागले. जर्मनीत अर्न्स्ट युंगर या अशाच अधिकाऱ्याचं पुस्तक १९२० साली आलं. याच युद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला, पुढेपुढे उपासमार झाली. घोड्याचं मांस खायला अनेक हिंदी शिपाई बरेच दिवस तयार नव्हते. वेढ्यावर अधिकाऱ्यांनी इंग्रजीत भरपूर लिहिलं. शिपायांचं बोलणं बहुतेक त्यांच्या घरातच विरलं. ही हानी मला फार मोठी वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी १९४७ साली दावा केला की प्रत्यक्ष चकमकीत चारातला जेमतेम एक सैनिक गोळी झाडतो. पुढे संशोधकांनी त्यांच्या आकड्यांवर गंभीर शंका घेतल्या. म्हणून मार्शल वाचावेत, पण एकटे वाचू नयेत. त्यांच्या जोडीला ब्रिटिश इतिहासकार जॉन कीगन यांचं १९७६ चं पुस्तक हवंच. अझिंकूर, वॉटर्लू आणि सोम या तीन लढायांत उभ्या माणसाला काय दिसलं, काय ऐकू आलं, तो पळून का गेला नाही, एवढंच ते विचारतात. स्वतः कधी लढाई पाहिली नाही हे ते सुरुवातीलाच कबूल करतात. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेशच्या मोहिमेवरचं ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांचं १९५६ चं आत्मकथन मला आणखी जवळचं वाटतं, कारण स्वतःच्या चुका ते मोकळेपणाने मांडतात.

आपल्याकडे असा मोकळेपणा १९६२ च्या पराभवानंतर आला. ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीवर चिन्यांच्या कैदेत सापडलेले ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी १९६९ साली पुस्तक लिहिलं, तर त्यावर बंदी आली. त्याच पराभवावर मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी मराठीत 'न सांगण्याजोगी गोष्ट' लिहिली. मराठीतून सुरुवात करायची असेल तर मी तीच हातात देतो. कारगिलनंतरच्या चौकशी समितीचा अहवालही छापील मिळतो. ड्रोनवर रोज नवं काही येतंय, पण युक्रेनमध्ये त्या ड्रोनखाली माणसं पुन्हा खंदकातच बसली आहेत.

त्या पोराला मी पहिल्यांदा पुस्तक दिलंच नाही. नाईक यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र दिलं, जेमतेम पानभर. इटली, १० जुलै १९४४. मशीनगनच्या माऱ्यात सेक्शनमधले (छोट्या तुकडीतले) बाकी सगळे पडले. घाडगे एकटे धावले, ग्रेनेड फेकून गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. मग स्नायपरच्या गोळीने ते पडले.

पोरगं मॅगझीनच्या ओळीवर थांबलं. "बदलायला किती सेकंद लागतात?" त्याच्या गल्लीत एक पेन्शनर हवालदार राहतात. संध्याकाळी तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेला.