खाँसाहेबांच्या गोष्टी मराठीत आल्या कशा

अल्लादियाखाँ मूळचे राजस्थानातल्या उणियाऱ्याचे, अब्दुल करीमखाँ किराण्याचे, रहिमतखाँ ग्वाल्हेरचे. या मोठ्या गवयांपैकी कुणाचीच मायबोली मराठी नव्हती, पण त्यांच्याबद्दल निवांत बसून वाचायचं म्हटलं की हातात येतं ते बहुतेक मराठी पुस्तक, नाहीतर मराठीवरून झालेलं भाषांतर. हे असं का झालं याची गोष्ट बरीच मागे जाते आणि मला विचाराल तर ती त्या पुस्तकांइतकीच मजेशीर आहे.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी, की आपल्याकडे गवयाचं चरित्र लिहायची पद्धतच नव्हती. आईन-ए-अकबरीत अबुल फजलने दरबारातल्या कलावंतांची यादी दिलीय, त्यात तानसेन पहिला, आणि असा गवई गेल्या हजार वर्षांत झाला नाही असं एक वाक्य, संपलं. बाकीच्यांचं नाव, गाव, गातो की वाजवतो, एवढंच. पुढची दोन-तीनशे वर्षं गवयांचे किस्से मैफलीत आणि तालमीत तोंडी फिरत राहिले, आणि तोंडी फिरणाऱ्या किश्शाचं जे होतं ते त्यांचंही झालं, दिवे आपोआप लागले, पाऊस पडला, हत्ती शांत झाला वगैरे.

मग एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी एकदम घडल्या. एकतर ग्वाल्हेर, बडोदा, इंदूर, कोल्हापूर ही मराठी संस्थानं उस्तादांना पदरी ठेवत होती, त्यामुळे मराठी घरातली पोरं घर सोडून गाणं शिकायला ग्वाल्हेरला पळायला लागली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर त्यातलेच, ते शिकून परत आले आणि त्यांच्या हाताखाली मिरजेला विष्णु दिगंबर पलुसकर तयार झाले. दुसरी गोष्ट म्हणजे संगीत नाटक, १८८० साली किर्लोस्करांचं शाकुंतल आलं आणि तिथून पुढे रागदारी हा तिकीट काढून येणाऱ्या साध्या माणसाच्या गप्पांचा विषय झाला. म्हणजे शिष्य लिहितावाचता, श्रोता लिहितावाचता आणि पुण्यामुंबईत छापखाने आहेतच. आता कुणीतरी लिहिणारच होतं.

पण सुरुवात चरित्रांनी झाली नाही, बंदिशींच्या वह्यांनी झाली. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) वाळकेश्वरचे, पेशाने वकील, बायको आणि मुलगी दोघी गेल्यावर वकिली सोडून पूर्ण वेळ संगीताच्या मागे लागले. मुंबईत पारशी मंडळींची गायन उत्तेजक मंडळी होती, १८७० ची, तिथे भातखंडे जायचे, तिथे येणाऱ्या उस्तादांकडून चिजा, म्हणजे बंदिशी, घ्यायचे आणि लिहून ठेवायचे. उस्ताद लोक चीज सहजासहजी द्यायचे नाहीत, ती घराची इस्टेट होती. जयपूरच्या मनरंग घराण्याच्या चिजा त्यांनी आशिक अली आणि अहमद अली या भावांकडून मिळवल्या. या सगळ्यातून क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग झाले आणि हिंदुस्थानी संगीतपद्धती हा चार भागांचा ग्रंथ झाला, तोही मराठीत, गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. नुसतं शास्त्र असेल म्हणून लोक तो उघडत नाहीत, पण मधेच एखाद्या खाँसाहेबाशी झालेलं बोलणं, एखाद्या दरबारातला अनुभव, कुणाच्या अडाणीपणावर मारलेला टोमणा असं काय काय त्यात सापडतं. नावं बरेचदा झाकलेली, वकील शेवटी! उत्तरेकडच्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ वाचायला मिळाला तो हाथरसहून हिंदीत आल्यावर.

१९०४ साली भातखंडे दक्षिणेत फिरून आले आणि एट्टयापुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले. त्याच वर्षी दीक्षितरांचं संगीत संप्रदाय प्रदर्शिनी तेलुगूत छापून आलं होतं, त्यात नोटेशनसोबत वाग्गेयकारांची, म्हणजे गीत आणि चाल दोन्ही रचणाऱ्यांची, चरित्रंसुद्धा आहेत. म्हणजे तिकडे हा विचार आधीच झाला होता की रचना जपायची तर रचणाऱ्याची हकिगत पण जपायला हवी. आपल्याकडे चीज एका वहीत गेली आणि माणूस दुसऱ्या वहीत, आणि ती दुसरी वही यायला आणखी पंचवीसतीस वर्षं गेली.

ती आली मासिकांमधून. केशवराव भोळे, जे पुढे प्रभात फिल्म कंपनीचे संगीतकार झाले, ते एकलव्य आणि शुद्ध सारंग अशा टोपणनावांनी गायकांवर लिहायचे. टोपणनाव का, ते उघड आहे, संध्याकाळी त्याच गवयाच्या मैफलीत पुढे जाऊन बसायचं असेल तर सकाळी खऱ्या नावाने त्याच्या तानेवर कसं लिहिणार. पुढे त्यांचं माझे संगीत आलं, ते १९६४ साली. गोविंदराव टेंबे तर काय, पेटीवाले, नट, संगीतकार, मानापमान नाटकाच्या चाली त्यांच्या, अयोध्येचा राजा या चित्रपटातला हरिश्चंद्रही तेच. त्यांनी माझा संगीत व्यासंग लिहिलं १९३९ मध्ये, आणि अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्रही लिहिलं. टेंबे भास्करबुवा बखले या गवयांना पेटीची साथ करायचे. साथीदाराचं लिहिणं वेगळं असतं, त्याला गवई दीड हात अंतरावरून दिसतो, घसा कधी बसलाय, कुठल्या श्रोत्याला बघून मूड गेलाय, हे सगळं त्याला ठाऊक असतं. शिष्याला गुरू देवासारखा दिसतो, साथीदाराला तो तसा दिसत नाही, आणि म्हणून मला टेंब्यांचं लिखाण जास्त भरवशाचं वाटतं.

शिष्याच्या बाजूचं मोठं उदाहरण म्हणजे बाळकृष्णबुवा कपिलेश्वरींनी लिहिलेलं अब्दुल करीमखाँचं जीवनचरित्र, १९७२ चं. चांगलं जाडजूड. खाँसाहेब बडोद्यातून ताराबाई मान्यांबरोबर निघाले, बेळगाव, पुणे असं करत आर्य संगीत विद्यालय काढलं, पुढे १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, खाँसाहेब मिरजेला राहिले आणि १९३७ साली मद्रासकडच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर गेले. हे सगळं कपिलेश्वरींच्या पुस्तकामुळे लोकांपर्यंत तपशिलात पोचलं, पण शिष्याची भक्ती इतकी की जिथे घरात भांडण आहे तिथे कोण बरोबर ते आधीच ठरलेलं. ताराबाईंच्या बाजूने लिहिणारं तेव्हा कुणी नव्हतं. मुलं मात्र सगळी गाण्यातच निघाली, हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वती राणे.

या सगळ्यांत माझ्या मते खरं काम केलं ते प्रो. बी. आर. देवधरांनी. विष्णु दिगंबरांचे शिष्य, १९२५ साली मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं, कुमार गंधर्व लहान वयात शिकायला आले ते यांच्याकडे. पण देवधरांचा मोठा गुण असा की ते कुठल्याच घराण्याचे राखणदार झाले नाहीत. कुठलाही गवई मुंबईत आला की त्याला घरी आणायचं, खाऊ घालायचं, बोलतं करायचं, चिजा घ्यायच्या, आणि मग ते संगीत कला विहार मासिकात लिहायचं. त्यातूनच थोर संगीतकार हे पुस्तक झालं, इंग्रजीत ते पिलर्स ऑफ हिंदुस्तानी म्युझिक म्हणून गेलं आणि आज परदेशातले अभ्यासकसुद्धा त्याचाच दाखला देतात. सिंदेखाँ नावाचा फकिरासारखा राहणारा अवलिया गवई, त्याच्यापाशी चिजांचा केवढा साठा होता हे लोकांना कळलं ते मुख्यतः देवधरांमुळे. दुसऱ्या कुणी त्याला दारात उभं केलं असतं की नाही शंकाच आहे.

रहिमतखाँची कथा पण याच मंडळींनी जपली. ग्वाल्हेरचे उस्ताद हद्दूखाँ यांचा मुलगा, सगळे भूगंधर्व म्हणायचे, पण वडील आणि भाऊ गेल्यावर डोक्यावर परिणाम होऊन काशीला भटकत होता. तिथून त्याला उचलून आणलं विष्णुपंत छत्र्यांनी, तेच सर्कसवाले छत्रे. छत्रे स्वतः ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणं शिकलेले, त्यामुळे गुरूचा मुलगा म्हणून त्याला जन्मभर सांभाळला, सर्कशीबरोबर तोही गावोगाव फिरायचा आणि तिथे त्याची मैफल व्हायची. रहिमतखाँ गेला १९२२ मध्ये कुरुंदवाडला, आणि शेवटच्या काळातल्या त्याच्या काही रेकॉर्ड्स शिल्लक आहेत. आता ही गोष्ट कुणी कादंबरीत लिहिली तर संपादक म्हणेल जरा अति होतंय.

खुद्द कलावंताने स्वतःबद्दल सांगितलेलं फार थोडं आहे, आणि त्यातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे अल्लादियाखाँची आत्मकथा. खाँसाहेबांनी (१८५५-१९४६) उतारवयात नातू अझीझुद्दीनखाँना ती सांगितली आणि नातवाने उर्दूत उतरवून घेतली. बाड तसंच पडून होतं, इंग्रजीत आलं ते २००० साली कोलकात्याहून, म्हणजे खाँसाहेब जाऊन पन्नास वर्षं उलटल्यावर. त्यात ते सांगतात की आमचे पूर्वज ब्राह्मण, नाथ विश्वंभर हे मूळपुरुष. आणि माळव्यातल्या आमलेटा नावाच्या एका छोट्या दरबारी रोज इतकं गायला लागलं की आवाजच गेला, परत आला तो पूर्वीसारखा नाही, आणि मग त्या आवाजाला झेपेल अशी नवी गायकी बांधावी लागली. आज जिला आपण जयपूर घराणं म्हणून हात जोडतो, ती पेचदार, लयीला बिलगून चालणारी गायकी, ती अशी आलीय. शिष्याने लिहिलं असतं तर आवाज गेल्याची गोष्ट इतकी साधेपणाने आली असती असं मला वाटत नाही.

१९६१ मध्ये वामनराव देशपांड्यांचं घरंदाज गायकी आलं आणि चर्चेचा सूरच बदलला. वामनराव पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, आणि पुस्तकात हिशेब तसाच चोख मांडलाय, एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय, किराणा घराणं स्वराकडे झुकलेलं, आग्रा लयीकडे, आणि दोन्हीचा तोल साधणारं जयपूर बरोब्बर मध्ये. वामनराव स्वतः अल्लादियाखाँच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले, म्हणजे जयपूरचे, तेव्हा ताळेबंद कुणाच्या बाजूने जुळला हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. पण भांडायला काहीतरी ठोस हातात आलं हे खरं. १९७३ मध्ये ते इंग्रजीत गेलं. बबनराव हळदणकरांचं जुळू पाहणारे दोन तंबोरे हे आग्रा आणि जयपूर दोन्ही आतून बघितलेल्या माणसाचं पुस्तक आहे, ते वामनरावांच्या नंतर लगेच वाचावं.

आणि आता मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. गोव्याच्या कलावंत घराण्यातल्या बायकांनी विसाव्या शतकाचं गाणं अक्षरशः खांद्यावर वाहिलं, आणि त्यांच्या स्वतःच्या शब्दांत जवळपास काही नाही. केसरबाई केरकर १९७७ मध्ये गेल्या, त्याच महिन्यात व्हॉयेजर १ हे अंतराळयान सुटलं आणि त्यावरच्या तबकडीत त्यांची भैरवी, जात कहाँ हो, पण बाईंचं आत्मचरित्र नाही. पु. लं.नी त्यांच्यावर लिहिलं म्हणून त्यांचा तोरा निदान डोळ्यासमोर येतो. मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावलीच्या धरणात गेलं, पण अल्लादियाखाँकडे शिकताना त्यांना किती अडथळे आले, कुणी तालीम बंद पाडली, हे आपण मुलाखती आणि दुसऱ्यांच्या आठवणींवरूनच जोडतो. कारण सरळ आहे, घरचं, बापाचं नाव, आश्रयदाता, हे छापायचं कसं? पुरुष गवयाने दोन लग्नं केली तर ती किस्सा म्हणून येतात, बाईला तेवढी मुभा नव्हती. पुढच्या पिढीत हे बदललं, प्रभा अत्र्यांनी स्वरमयी लिहिलं, मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई आमोणकरांनी स्वरार्थरमणी, पण नीट बघा, दोन्हींत भर गाण्याच्या विचारावर आहे, आयुष्यावर नाही.

नंतर चरित्रात्मक कादंबरी आली. शैला दातारांचं देवगंधर्व, भास्करबुवांवरचं, हे घरातल्या माणसाने लिहिलेलं आणि म्हणून माहिती पक्की. बाकी या प्रकाराबद्दल मी जरा सावध असते, नायकाच्या मनात काय चाललंय हे लेखकाला इतकं स्वच्छ कसं कळतं हा प्रश्न मला पाचव्या पानावरच पडतो. उलट टोकाला जानकी बखल्यांचं इंग्रजी पुस्तक, टू मेन अँड म्युझिक, २००५ चं, त्यात भातखंडे आणि पलुसकर या दोघांना देव्हाऱ्यातून काढून टेबलावर ठेवलंय, उस्तादांचं महत्त्व कमी होण्यात या दोघांच्या संगीत-चळवळीचा हात किती हे थेट विचारलंय. काहींना ते कडू लागतं, पण विचारायलाच हवं होतं.

सध्या मला जास्त आवडतो तो बोलण्यातून झालेला प्रकार, कुमार गंधर्वांचं मुक्काम वाशी, किंवा वामनरावांचे चिरंजीव सत्यशील देशपांडे यांचं गान गुणगान. यात शिष्याची भक्ती आहे पण डोळे उघडे आहेत. नवीन वाचणाऱ्याने सुरुवात देवधरांपासून करावी, मग अल्लादियाखाँ, मग टेंबे, आणि कपिलेश्वरींचं जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसलं तर घासाघीस न करता घेऊन टाकावं.