दर दोन तासांनी कूस : नागपूरच्या वॉर्डांतल्या शुश्रूषेची पार्श्वभूमी

लकवा झालेला किंवा मणका मोडलेला माणूस नागपुरात कुठेही दाखल झाला, की नातेवाइकांना सिस्टरकडून पहिली सूचना मिळते ती दर दोन तासांनी कूस बदलण्याची. गडचिरोली-बालाघाटहून आलेले लोक मग रात्रभर गजर लावून बसतात.

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक बेडसोर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने दाबाखाली होणाऱ्या जखमा) आणि लघवीच्या संसर्गानेच गेले. १९४४ साली इंग्लंडमध्ये अशा जखमींसाठी खास विभाग सुरू झाला आणि तिथे रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाला वळवण्याची शिस्त बसली. पुढे वृद्धांच्या वॉर्डांतल्या १९६२च्या पाहणीनेही नियमित कूस बदलण्याच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडच्या परिचर्या शिक्षणातही दोन तासांचा नियम आला. सोबत स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळणंही आलं. लाल झालेली जागा चोळू नये, हे नंतर कळलं, पण ती सवय अजून मोडलेली नाही.

खरा वाद २०१३नंतर सुरू झाला. अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांत नऊशेहून अधिक वृद्धांवर झालेल्या अभ्यासात दोन, तीन आणि चार तासांच्या अंतराने फारसा फरक पडला नाही. त्यावरून ‘मग इथेही सैल करा’ असं म्हटलं जातं. पण त्या वृद्धांच्या अंगाखाली दाट फोमच्या गाद्या होत्या आणि आधीचे बेडसोर नव्हते. आपल्या सरकारी खाटेवर काथ्याच्या गादीला रेक्झिनचं कव्हर असतं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला, की पाठीखाली घाम साचतो आणि ओली त्वचा लवकर फाटते. त्यामुळे गादी न बदलता तास वाढवणं चूकच आहे. तीन खाटांमागे एक परिचारिका हे अध्यापन रुग्णालयांचं जुनं प्रमाण कागदावरच राहतं, म्हणून हा नियम घरच्यांच्या हातांवर चालतो, हेही मान्य करायला हवं.

घड्याळापेक्षा त्वचा जास्त सांगते. माकडहाड, खुबा, टाच इथली लाली अंगठ्याने दाबून पाहावी. दाबल्यावर ती फिकी पडली नाही, तर आतली इजा सुरू झालेली असते. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, तिथे ऊब आणि कडकपणा बोटांना जाणवतो. पायाला ट्रॅक्शन (हाड जागेवर ठेवण्यासाठी वजनाचा ताण) लावलेल्या रुग्णाला पूर्ण वळवता येत नाही. दोघांनी उचलून त्याची पाठ मोकळी करावी लागते.

अलीकडे लकव्याच्या शुश्रूषेचा भर पहिल्या काही तासांवर आला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लकवा सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ताप, साखर आणि गिळणं या तिन्हींवर परिचारिकांनी काटेकोर लक्ष ठेवलं तर मृत्यू आणि परावलंबित्व घटतं, हे २०११मध्ये दिसलं. म्हणूनच गिळणं तपासल्याशिवाय चमचाभर पाणीसुद्धा देऊ नये. पेशंट शुद्धीवर आला की घरचे मायेने चहा पुढे करतात आणि तो फुप्फुसात जातो.

विदर्भात याला सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची जोड आहे. खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा तुटून पंचविशी-तिशीतली माणसं लंगडू लागतात, काहींना लकवाही होतो. १९९५च्या अपंगत्व कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या कायद्यात ते २१ झाले आणि सिकलसेल, पार्किन्सन्स त्यात आले. सिकलसेलच्या २०२३च्या राष्ट्रीय मोहिमेचा भर मात्र चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीवर आहे. खुबा झिजलेल्या प्रौढाला खाटेवरून कसं उठवायचं, वेदनेच्या झटक्यात त्याला कसं सांभाळायचं, हे परिचारिका आजही वॉर्डात एकमेकींकडून शिकतात.