परदेशात मदतकार्यासाठी जायचे आहे? नाशिकच्या तरुणांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला भूकंप झाला. तेव्हा भारताच्या ‘ऑपरेशन दोस्त’मध्ये गेलेली माणसे एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) आणि लष्कराच्या वैद्यकीय पथकाची होती. ढिगारे उपसण्याच्या पहिल्या दिवसांत बाहेरच्या एकट्यादुकट्या स्वयंसेवकाला कोणी बोलावत नाही. भाषा येत नाही, राहायची सोय नाही, अशा माणसाचा भार तिथल्याच लोकांवर पडतो. तरुणांना जागा मिळते ती नंतरच्या कामात: निर्वासितांच्या छावण्या, पाणी आणि शौचालये, कुटुंबांची नोंदणी, धान्यवाटपाचा हिशेब, मुलांचे वर्ग. ही कामे महिनोन्महिने चालतात आणि त्यांची भरती रीतसर अर्ज मागवून होते. बातमी पाहून पासपोर्ट काढायला निघालेल्याला उशीर झालेला असतो.

कोणत्या दाराने जायचे

भारतीय तरुणासाठी सर्वांत सरळ दार म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, यूएनव्ही. मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. निर्वासितांसाठीची यूएनएचसीआर, युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम अशा संस्थांना लागणारे स्वयंसेवक इथून घेतले जातात. वयाचे गणित नीट समजून घ्या. ‘युवा स्वयंसेवक’ या गटाला वय १८ ते २६ आणि अनुभव शून्य ते तीन वर्षे. ‘विशेषज्ञ’ (स्पेशलिस्ट) गटाला वय किमान २७ आणि अनुभव किमान तीन वर्षे. म्हणजे पदवीनंतर स्पर्धा परीक्षांत चार-पाच वर्षे गेली आणि सत्ताविसावे लागले, तर युवा गटातून तुम्ही बाहेर पडता आणि विशेषज्ञ गटात अनुभवाअभावी बसत नाही. परीक्षा देणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण राष्ट्रीयत्वाची. युवा गटातल्या बऱ्याच आंतरराष्ट्रीय जागांचा खर्च एखादे सरकार उचलते आणि त्या जागा त्याच देशाच्या नागरिकांसाठी असतात. जाहिरातीत ही अट बारीक अक्षरांत असते, ती न वाचता अर्ज करणाऱ्याला नुसताच नकार येतो. ‘राष्ट्रीय स्वयंसेवक’ असे लिहिलेली सुदानमधली जागा सुदानच्या नागरिकासाठी असते, ती भारतीयासाठी नाही. निवड झाल्यास निर्वाहभत्ता, विमा आणि प्रवासखर्च मिळतो. तो पगार नव्हे, त्यातून घरी पैसे पाठवायची अपेक्षा धरू नका.

युरोपीय संघाच्या सॉलिडॅरिटी कोअरची मानवीय मदतीची योजना (वय १८ ते ३५) इंटरनेटवर पहिली दिसते. ती युरोपीय संघात किंवा योजनेशी जोडलेल्या देशांत कायदेशीररीत्या राहणाऱ्यांसाठी आहे. सिडकोतल्या पत्त्यावरून अर्ज भरण्यात वेळ घालवू नये. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही वैद्यकीय मदत संस्था भारतातून डॉक्टर, परिचारिका, लॉजिस्टिक्सची माणसे घेते, पण शिक्षणानंतर साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर पारडे जड होते. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी आधी महाराष्ट्र वैद्यकीय किंवा परिचर्या परिषदेची नोंदणी पूर्ण करावी. विद्यापीठाची गुणपत्रिका म्हणजे काम करण्याचा परवाना नव्हे. रेडक्रॉसचे स्वयंसेवक त्या त्या देशाच्या राष्ट्रीय सोसायटीमार्फत घेतले जातात, जिनिव्हाच्या मुख्यालयाला थेट पत्र लिहून उपयोग नाही.

अनुभव कुठून आणायचा

घरबसल्या सुरुवात म्हणजे यूएनव्हीचे ऑनलाइन काम: भाषांतर, नकाशे, माहितीचे तक्ते. वय १८ पूर्ण हवे, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. मानधन नाही, पण प्रमाणपत्र मिळते आणि संस्थेशी ओळख होते.

जमिनीवरचे काम नाशिकमध्येच आहे. कॉलेजच्या एनएसएसचे दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करून प्रमाणपत्र जरूर घ्या. अर्धवट सोडलेल्या एनएसएसला काही किंमत नाही. नागरी संरक्षण दलाकडे स्वयंसेवक नोंदणीसाठी विचारा. आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचे ‘आपदा मित्र’ प्रशिक्षण आपल्याकडे कधी आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारता येते. २०२६-२७ चा सिंहस्थ तर समोरच आहे: गर्दी, पाणी, हरवलेली माणसे, आरोग्य केंद्रे. छावणीत जे लागते त्याची याहून चांगली तालीम मिळणे अवघड.

अर्जात मात्र ‘पूरग्रस्तांना मदत केली’ असे लिहू नका. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले होते हे नाशिककराला सांगावे लागत नाही, पण बॉनमध्ये अर्ज वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. किती कुटुंबांची यादी केली, किती दिवस, कोणाच्या हाताखाली, वाटपात गोंधळ झाला तेव्हा काय केले, एवढे लिहा. आकडे खरे असावेत, कारण संदर्भ दिलेल्या माणसाकडे विचारणा होते.

पासपोर्ट आणि नावाचा घोळ

भारताच्या पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात, म्हणून नाशिककराला तो लवकर मिळतो असे नाही. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज भरून नाशिकच्या केंद्राची वेळ घ्यायची. ३६ पानांच्या पुस्तिकेला १,५०० रुपये, ६० पानांच्या पुस्तिकेला २,०००, तत्काळ हवा तर वर आणखी २,०००. या कामासाठी ६० पानांचीच घ्या. व्हिसा आणि शिक्के पाने भराभर खातात. मुदतही पाहा: व्हिसा देताना परत येण्याच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक मागतात, म्हणजे वर्षभराच्या नेमणुकीला निदान दीड वर्ष हवे.

मालेगाव, सुरगाणा, कळवणहून येऊन गंगापूर रोडला खोली करून राहणाऱ्यांचा अर्ज पोलीस पडताळणीत अडकतो. सध्याचा पत्ता नाशिकचा दिला आणि हवालदार आला तेव्हा खोलीला कुलूप, की प्रतिकूल अहवाल जातो. ज्या पत्त्यावर पुढचा महिनाभर सापडाल तोच द्या, घरमालकाला आधी सांगून ठेवा.

सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिले, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर ‘दिलेले नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोन रकाने. आधारवर कधी वडिलांचे नाव असते, कधी नसते. एकात ‘राजेंद्र’चे स्पेलिंग एक, दुसऱ्यात वेगळे. परदेशी कार्यालयाला ही तीन वेगळी माणसे वाटतात. मुलींच्या बाबतीत लग्नानंतरचे नाव आणखी भर घालते. उपाय असा: पासपोर्ट अर्जात ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे नाव, ‘आडनाव’मध्ये फक्त आडनाव, आणि स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रानुसार. आधार आधी दुरुस्त करा, मग पासपोर्टला जा. उलट क्रमाने गेलात तर दोन्ही ठिकाणी दोनदा फेऱ्या. नावच वेगळे असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागत नाही, राज्याच्या राजपत्रात बदल छापून घ्यावा लागतो.

दहावी झालेल्याला ‘ईसीआर’चा (उत्प्रवास तपासणी आवश्यक) शिक्का नसलेला पासपोर्ट मिळतो, म्हणून दहावीचे प्रमाणपत्र जोडायला विसरू नका. शिक्का बसला तर जॉर्डन, लेबनॉन, इराक, सुदान, दक्षिण सुदान अशा अठरा देशांत कामासाठी जाताना वेगळी उत्प्रवास मंजुरी लागते. आणि मदतकार्य नेमके याच देशांत चालते.

इतर कागद

पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र पासपोर्ट पोर्टलवरूनच निघते, शुल्क ५०० रुपये. मुलांसोबतच्या कामाला ते हमखास मागतात. फार आधी काढू नका, जुने झाले की पुन्हा काढावे लागते. पदवीचे अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) मागितले तरच करा. आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीमार्फत शिक्का. लॅमिनेशन केलेल्या प्रमाणपत्रावर तो मारता येत नाही, तेव्हा हौसेने प्लास्टिक चढवू नका. पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका हाती आली म्हणजे पदवी मिळाली असे समजून बसणारे इथे अडतात.

लसींचे वेळापत्रक आपल्या घाईवर चालत नाही. हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांवर. पिवळ्या तापाची लस फक्त सरकारमान्य केंद्रात, ठरल्या दिवशीच मिळते, कारण कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, पुढे आयुष्यभर चालते. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पोलिओचा धोका असलेल्या देशात जायचे तर तोंडावाटे डोस निघण्याच्या चार आठवडे आधी.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम करा असे सांगणारी संस्था तुम्हाला अडचणीत टाकते आहे. येमेनला तर २०१७ पासून भारत सरकारच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. ही बंदी मोडली तर पासपोर्ट जप्त होऊ शकतो.

मुलाखत आणि पैसे

मुलाखतीत ‘सेवेची आवड’ कोणी विचारत नाही, प्रसंग देतात. स्फिअर मानके (मदतकार्यातल्या किमान सोयींची आंतरराष्ट्रीय मानके) वाचून जा: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, ३.५ चौरस मीटर छताखालची जागा, वीस माणसांमागे एक शौचालय. मुलाखत ऑनलाइन असते, लाइट गेली तर मोबाइलचा डेटा तयार ठेवा.

यूएनव्ही कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाही. ‘प्रोसेसिंग फी’, ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, जीमेलवरून आलेले नेमणूकपत्र, व्हॉट्सॲपवरची मुलाखत, यातले काहीही दिसले तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवा, पहिल्या काही तासांतच रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. परदेशी कामाला माणसे पाठवणाऱ्या एजंटाची नोंद सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते.

निघण्याआधी पासपोर्ट, विमा आणि नेमणूकपत्राच्या प्रती घरी ठेवा. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या भारतीय दूतावासाकडे नोंदणी करा आणि संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा नंबर घरच्यांना कळवा.