पक्षपदाचा राजीनामा (ठाणे जिल्हा)

निवडणुकीतला पराभव, पक्षातील फूट किंवा नाकारलेली उमेदवारी अशा धक्क्यानंतर पक्षसंघटनेतील पद सोडण्याची प्रथा. आमदाराला राजीनामा विधानसभा अध्यक्षांकडे द्यावा लागतो आणि तो स्वखुशीने दिला आहे की नाही, हे तपासण्याची तरतूद १९७४ च्या ३३ व्या घटनादुरुस्तीने केली. पक्षपदाला असले काही लागू नाही. शाखाप्रमुखापासून जिल्हाप्रमुखापर्यंतच्या नेमणुका ठाण्यात बहुधा वरूनच होतात. साहजिकच राजीनामाही नेमणाऱ्याच्याच नावे लिहिला जातो आणि तो मंजूर होतो की नाही, यावरच सारे अवलंबून राहते. पक्षाच्या लेटरहेडवरचे ते चार ओळींचे पत्र अनेकदा नेत्याच्या हाती पडण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले असते.

ठळक उदाहरण महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाला एकही जागा मिळाली नाही. ठाणे आणि पालघरचे जिल्हाध्यक्ष अविनाश जाधव स्वतः ठाणे शहर मतदारसंघात भाजपचे संजय केळकर आणि शिवसेनेच्या ठाकरे गटाचे राजन विचारे यांच्या मागे तिसरे राहिले. निकालानंतर आठ दिवसांनी, १ डिसेंबरला, पराभवाची जबाबदारी घेऊन त्यांनी पद सोडल्याचे जाहीर केले. तरी जुलै २०२५ मध्ये मीरा-भाईंदरमधील मराठीच्या मोर्चाआधी पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले, तेव्हा ते जिल्हाध्यक्षच होते. अशा वेळी जबाबदारी घेतल्याची नोंद होते, खुर्चीही राहते. टीकाकार याला नाटक म्हणतात, पण मरगळलेल्या कार्यकर्त्यांना त्या दोन दिवसांत बोलायला विषय मिळतो, हेही खरे.

दुसरा प्रकार सामूहिक राजीनाम्यांचा. २ मे २०२३ रोजी शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी कळवा-मुंब्र्याचे आमदार जितेंद्र आव्हाड यांनी राष्ट्रीय सरचिटणीसपद सोडले, पाठोपाठ ठाण्यातील पदाधिकाऱ्यांनीही. हे राजीनामे पद सोडण्यासाठी नव्हतेच, नेत्याने निर्णय फिरवावा म्हणून होते. ५ मे रोजी पवारांनी तो मागे घेतला.

खाडीपलीकडे नवी मुंबईत पद सोडण्यापेक्षा पक्षालाच ‘जय महाराष्ट्र’ करण्याकडे कल दिसतो. २०१४ मध्ये राष्ट्रवादीचे संजीव नाईक ठाण्यातून लोकसभेला आणि त्यांचे वडील गणेश नाईक बेलापुरातून विधानसभेला पडले. तरीही २०१५ मध्ये महापालिकेत १११ पैकी ५२ जागा जिंकून राष्ट्रवादी सर्वांत मोठा पक्ष ठरला. नगरसेवक हाती असले की शहरात एखाद्या पदावाचून फारसे अडत नाही. २०१९ मध्ये गणेश नाईक भाजपमध्ये गेले. २०२४ मध्ये बेलापूरची उमेदवारी विद्यमान आमदार मंदा म्हात्रे यांनाच मिळाल्यावर गणेश नाईकांचे दुसरे पुत्र, भाजपचे नवी मुंबई जिल्हाध्यक्ष संदीप नाईक यांनी पद आणि पक्ष दोन्ही सोडून शरद पवारांच्या राष्ट्रवादीतून निवडणूक लढवली. म्हात्रे ३७७ मतांनी जिंकल्या. गणेश नाईक मात्र त्याच निवडणुकीत ऐरोलीतून भाजपचेच उमेदवार होते आणि निवडून आले.