प्रसिद्धीचं चक्रवाढ व्याज

कर्तृत्व आणि प्रसिद्धी यांचं नातं मोजायचं, तर दोन्हींसाठी आकडे लागतात. प्रसिद्धीचा आकडा कसाबसा मिळतो, अडतं ते कर्तृत्वापाशी. कवीचं कर्तृत्व किती, हे कोणत्या मापानं मोजणार? मिखाइल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधुरी या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या (लॉस एंजलिस) दोन संशोधकांनी 2003 साली यावर भलतीच हुशार वाट काढली. त्यांनी पहिल्या महायुद्धातले जर्मन लढाऊ वैमानिक निवडले. तिथे कर्तृत्व म्हणजे सरळ एक आकडा: शत्रूची किती विमानं पाडली.

जर्मनच का, तर त्यांचा हिशोब कडक होता. पडलेलं विमान एकाच वैमानिकाच्या नावावर लागे. फ्रेंचांकडे तिघांनी मिळून एक पाडलं तर तिघांच्याही खात्यात एकेक जमा होई. ब्रिटिश तर ‘ताबा सुटून खाली जाताना दिसलं’ एवढ्यावरही विजय धरत. कोलकात्यात जन्मलेल्या इंद्रलाल रॉय या 19 वर्षांच्या वैमानिकानं जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत 10 विजय मिळवले आणि त्याच महिन्यात तो मारला गेला. पण ते 10 ब्रिटिश पद्धतीचे. जर्मन 10 च्या शेजारी ते मांडणं म्हणजे शेर आणि किलो एकाच तराजूत घालणं.

तर असे 392 वैमानिक, आणि प्रत्येकाची प्रसिद्धी म्हणजे गूगलवर त्याच्याविषयी सापडणारी पानं. इथे चुकायला भरपूर जागा आहे. एकाच नावाची दोन माणसं निघतात. हेर्मान गोरिंगच्या नावावर 22 विजय आहेत, पण त्याच्यावर एवढं लिहिलं गेलं ते नाझी राजवटीतल्या त्याच्या उद्योगांमुळे. असली नावं न पारखता तक्त्यात ठेवली, की आलेख बिघडलाच.

आलेख निघाला तो असा: विजय बेरजेनं वाढतात, प्रसिद्धी गुणाकारानं. म्हणजे दर काही विजयांमागे पानांची संख्या ठरावीक पटीनं चढत जाते. म्हणून आडव्या अक्षावर विजय साधे मांडायचे आणि उभ्या अक्षावर पानांचा लॉगॅरिदम (थोडक्यात लॉग) घ्यायचा, म्हणजे पानं दहापट झाली की एक पायरी वर असं माप. मग ठिपके एका सरळ रेषेच्या आसपास बसतात. दोन्हींचा सहसंबंध, म्हणजे ठिपके रेषेला किती धरून आहेत याचं माप (1 म्हणजे अगदी रेषेवर), 0.72 भरला. त्याचा वर्ग साधारण 0.52. याचा अर्थ, (लॉगमध्ये मोजलेल्या) प्रसिद्धीतला निम्म्याहून थोडा जास्त चढउतार कर्तृत्वानं समजतो. उरलेल्यात नशीब, नाव, किस्से असं सगळं येतं. माक्स इमेलमानचे विजय 15च, पण विमान उलटवून वळवण्याच्या एका कसरतीला त्याचं नाव चिकटलं आणि तो आजही चर्चेत आहे. 80 विजयांचा मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन, म्हणजे ‘रेड बॅरन’, तर विमानांत ज्यांना काडीचा रस नाही त्यांनाही ऐकून माहीत असतो.

गुणाकार येतो कुठून? प्रसिद्धी ऐकीव असते. ज्याच्याबद्दल आधीच दहाजण बोलतात त्याच्याबद्दल अकरावा ऐकतो आणि पुढे सांगतो. कर्तृत्व मोठं असेल तर सांगण्याचा वेग जास्त. हे सरळ मुदत ठेवीचं गणित झालं. एका माणसाची प्रसिद्धी वर्षाला 3 टक्क्यांनी वाढते, दुप्पट कर्तृत्वाच्या दुसऱ्याची 6 टक्क्यांनी, असं समजा. 80 वर्षांनी पहिल्याची साधारण 10.6 पट होते आणि दुसऱ्याची 106 पट. कर्तृत्व दुप्पट, प्रसिद्धी दहापट, आणि यात कुणीही लबाडी केलेली नाही.

याच सूत्राची उलटी आकडेमोड करून सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी पुढे भौतिकशास्त्रातल्या नोबेल विजेत्यांचं कर्तृत्व काढलं. पॉल डिरॅक आइन्स्टाइनपेक्षा शंभरपट कमी प्रसिद्ध, पण त्यांच्या हिशोबानं योगदान फक्त निम्मं. वैमानिकांचं सूत्र शास्त्रज्ञांना लावणं मला जरा धाडसाचं वाटतं. तरी एक गंमत पाहा. रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लांडाऊ सहकाऱ्यांना लॉगॅरिदमी श्रेणी देत असे: श्रेणीचा आकडा एकानं वाढला म्हणजे योगदान दहापट कमी. त्यानं आइन्स्टाइनला 0.5 दिला आणि डिरॅकला 1. अर्ध्या श्रेणीचा फरक म्हणजे दहाचं वर्गमूळ, सुमारे 3.2 पट. गूगल म्हणतं दोन, लांडाऊ म्हणतो तीन. शंभर कुणीच म्हणत नाही.

ऐकीवपणाची थेट परीक्षा कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतली. 2006 साली छापून आलेल्या या प्रयोगात 14,341 लोकांना अनोळखी बँडची 48 गाणी ऐकवली. काहींना फक्त गाणी दिसत. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं, ते प्रत्येकाला दिसत असे. स्वतंत्र श्रोत्यांनी 26 वं ठरवलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं, दुसऱ्यात चाळिसावं. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, रद्दी सहसा वर आली नाही. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं.

हे घरी करून बघायचं तर क्रिकेट घ्या. रणजी खेळलेले तीसेक फलंदाज, प्रत्येकाच्या प्रथम श्रेणीतल्या धावा, आणि विकिपीडियावरच्या त्याच्या पानाला रोज किती वाचक येतात तो आकडा. हे आकडे जुलै 2015 पासूनचे फुकट मिळतात. वाचकसंख्येचा लॉग घ्या, नाहीतर तेंडुलकरचा एक ठिपका वर आणि बाकी सगळे तळाशी चिकटलेले दिसतील. सरासरी नको, वर्षभराचे रोजचे आकडे चढत्या क्रमानं लावून मधोमध येणारा घ्या. कारण अमोल मुजुमदार. प्रथम श्रेणीत 11,167 धावा आणि भारताकडून एकही सामना नाही. पण 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री त्यांच्या प्रशिक्षणाखालच्या भारतीय महिला संघानं नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. तो आठवडा सरासरीत आला, तर तुम्ही फलंदाजाची नव्हे, प्रशिक्षकाची प्रसिद्धी मोजून बसाल.