लॅव्हेनममधलं जुनं लाकडी घर घेताय? मग ही पार्श्वभूमी वाचाच

इंग्लंडच्या सफोकमध्ये लॅव्हेनम म्हणून एक छोटं गाव आहे, तिथलं लाकडी सांगाड्याचं लिस्टेड, म्हणजे सरकारच्या वारसा यादीतलं, घर घ्यायचं म्हटलं की आधी नियमच कानावर पडतात, खिडकी बदलायला परवानगी, आतली भिंत हलवायला परवानगी. लोक वैतागतात. पण हे नियम कुठून आले ते कळलं की राग बराच निवळतो.

हे गाव लोकरीच्या कापडावर गबर झालेलं. इथलं निळं जाड कापड परदेशात जायचं आणि १५२४ च्या कराच्या हिशोबात हे एवढंसं गाव अख्ख्या इंग्लंडमधल्या पहिल्या वीस श्रीमंत गावांत होतं. बरीचशी घरं त्याच सुबत्तेतली. लाकूड ओकचं, तेही ओलंच कापायचे कारण वाळलं की ते फार टणक होतं, जोडाला खिळा नाही, एका तुळईला खाच दुसरीला जीभ आणि आरपार लाकडी खुंटी, सांगाडा आधी जमिनीवर जुळवून खुणा करायच्या, मग सुटा करून जागेवर उभा करायचा. मधल्या भिंती म्हणजे आपल्या कोकणातला कूडच, काटक्या विणून वर मातीचा लेप.

मग धंदा बसला. कोलचेस्टरला आलेल्या डच निर्वासितांचं हलकं, स्वस्त कापड बाजारात आलं आणि लॅव्हेनम मागे पडलं. नवीन विटांची घरं बांधायला पैसाच उरला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या गरिबीनेच ही घरं वाचवली!

नंतरचा धोका विकत घेणाऱ्यांकडूनच आला. सांगाडा सुटा होतो ना, म्हणून १९११ च्या सुमारास इथली वूल हॉल नावाची जुनी लाकडी इमारत उकलून दुसरीकडे हलवायला घेतली होती. गावाने आणि जुन्या इमारती वाचवण्यासाठी विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये काढलेल्या संस्थेने विरोध केला तेव्हा ती परत आणून उभी केली. कायद्याचं बळ मात्र महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनंतर आलं, १९४४ आणि १९४७ च्या कायद्यांनी जपायच्या इमारतींच्या याद्या सुरू झाल्या, तरी मालकाने दोन महिन्यांची नोटीस दिली की पाडकामाला मोकळा, सरकारने त्या मुदतीत आदेश काढून अडवलं तरच थांबायचं. १९६८ ला हे उलटं झालं, आधी परवानगी मगच काम. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच.

आज परवानगीशिवाय घराचं ऐतिहासिक रूप बदलणं हा गुन्हा आहे, आतून असो की बाहेरून. आधीच्या मालकाने चोरून केलेलं काम पूर्ववत करायची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते आणि त्याला काळाची मर्यादा नाही. कुणी जुन्या चुन्याऐवजी सिमेंट थापलेलं असतं, त्यात ओल अडकते आणि आतला ओक कुजत जातो. त्यामुळे करार पक्का करण्याआधी सॉलिसिटरला, म्हणजे वकिलाला, विकणाऱ्याकडून प्रत्येक बदलाच्या परवानगीचे कागद मागायला लावा, आणि घर तपासणारा सर्व्हेयर जुन्या लाकडी घरांचाच जाणकार घ्या, साधा चालत नाही.