उताऱ्याचा मध्यवर्ती विचार : एका शालेय प्रश्नाची पार्श्वभूमी

‘या उताऱ्यातील मध्यवर्ती विचार कोणता?’ हा प्रश्न शालेय वाचनात इतका रुळलेला आहे की, वाचन शिकवायला सुरुवात झाली तेव्हापासूनच तो विचारला जात असावा, असे सहज वाटते. प्रत्यक्षात मुलांना हा प्रश्न नेमाने विचारण्याची पद्धत साधारण शंभर वर्षांची आहे आणि त्याचे उत्तर कसे शोधायचे हे मुलांना शिकवले पाहिजे, हा विचार तर त्यानंतर बऱ्याच काळाने पुढे आला. आधी परीक्षेतला प्रश्न आला, अध्यापन मागाहून आले. या विषयातल्या आजच्या बऱ्याच अडचणी या उलट्या क्रमातून निर्माण झाल्या आहेत, असे हा इतिहास पाहताना मला प्रकर्षाने जाणवते.

ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. मीमांसकांनी, म्हणजे वैदिक वाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र रचणाऱ्यांनी, त्यासाठी सहा गमके (खुणा) सांगितली होती : ग्रंथाचा आरंभ आणि शेवट यांतील एकवाक्यता, पुन्हा पुन्हा येणारा विषय, ग्रंथाने नव्याने सांगितलेली गोष्ट, त्यातून निघणारे फल, स्तुती-निंदेच्या रूपाने आलेला पूरक भाग आणि विषयाच्या समर्थनार्थ दिलेली उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या आरंभी हीच कसोटी पुढे ठेवून गीतेचे तात्पर्य ठरवण्याची पद्धत स्पष्ट केली आहे. या कसोट्यांतील महत्त्वाची गोष्ट अशी की, तात्पर्य एखाद्या विशिष्ट वाक्यात लिहून ठेवलेले असते, असे त्या गृहीत धरत नाहीत; अनेक खुणा एकत्र जुळवून वाचकाने ते ठरवायचे असते. अर्थात ही पद्धत प्रौढ अभ्यासकांसाठी होती. मुलांच्या बाबतीत या दिशेचा जुना दाखला रोममधील वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याच्या पहिल्या शतकातील ग्रंथात मिळतो. मुलांनी इसापच्या कथा आपल्या शब्दांत सांगाव्यात, नंतर पद्याचे गद्य करावे आणि पुढे मूळ कवीच्या आशयाला धक्का न लावता काही भाग आटोपशीर करावा, काही फुलवावा, असा क्रम त्याने सुचवला होता. आज ज्याला आपण सारांशलेखन म्हणतो, त्याचे बीज या क्रमात दिसते.

एकोणिसाव्या शतकात सार्वत्रिक शाळा सुरू झाल्या, तेव्हा वाचन म्हणजे मुख्यतः मोठ्याने वाचन होते. उच्चार शुद्ध, आवाज खणखणीत आणि विरामस्थाने अचूक असली म्हणजे मूल चांगले वाचते, असे मानले जाई. मुलाला वाचलेले समजले की नाही, हे पाहण्याची स्वतंत्र सोय नव्हती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मान यांनी १८३८ सालच्या आपल्या अहवालात, वाचनवर्गांतील बारापैकी अकराहून अधिक मुलांना आपण वाचत असलेल्या शब्दांचा अर्थच कळत नाही, असे नमूद केले. मुलांना काय समजले हे तपासण्याचे साधन निघायला मात्र पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. याच काळात दुसऱ्या बाजूने एक कल्पना शाळेत शिरली. स्कॉटलंडचे अलेक्झांडर बेन यांनी १८६६ साली लेखनाच्या रचनाशास्त्रावरील आपल्या पुस्तकात परिच्छेदाचे नियम सांगितले आणि परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याने, ते उघडपणे केवळ प्रास्ताविक नसेल तर, त्या परिच्छेदाचा विषय ठळकपणे सूचित करावा, असा दंडक घातला. हा नियम लिहिणाऱ्यांसाठी होता, पण पुढे तो वाचणाऱ्यांना लागू करण्यात आला आणि ‘मुख्य विचार हवा असेल तर पहिले वाक्य बघ’ हा सल्ला वर्गावर्गांत दिला जाऊ लागला.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूकवाचनाच्या चाचण्या तयार होऊ लागल्या आणि त्यांतून मुले वाचताना काय करतात हे पहिल्यांदा कागदावर दिसले. या संदर्भात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांचा १९१७ सालचा निबंध आजही मुळातून वाचण्यासारखा आहे. त्यांनी मुलांना एक छोटा उतारा दिला होता. त्याचा आशय असा : फ्रँकलिन या गावी सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाने शाळेच्या प्रत्येक दिवशी हजर राहणे सक्तीचे आहे, मात्र मूल शाळेत जाता येऊ नये इतके आजारी असेल, घरात कोणाला संसर्गजन्य रोग झाला असेल किंवा रस्ते जाण्याजोगे नसतील, तर सूट मिळते. त्यावरचा पहिलाच प्रश्न उताऱ्याच्या सर्वसाधारण विषयाबद्दल होता. सहावीच्या मुलांची उत्तरे थॉर्नडाइक यांनी जशीच्या तशी नोंदवली आहेत. कोणी ‘फ्रँकलिन’ एवढेच लिहिले, कोणी ‘शाळा’, कोणी ‘फार आजारी’, तर कोणी ‘तो मोठा संशोधक होता’ असे लिहिले. काहींनी ‘मोठे अक्षर’ (इंग्रजी कॅपिटल) असे उत्तर दिले आणि काहींनी तर ‘अर्धा इंच जागा सोडा’ असेही लिहिले. अनेकांनी जागा कोरीच ठेवली.

ही उत्तरे वेडगळ वाटली तरी त्यांतील प्रत्येकामागे एक कारण आहे आणि थॉर्नडाइक यांनी ते शोधले, हे त्यांचे मोठेपण. फ्रँकलिन हे नाव वाचताच त्या नावाच्या प्रसिद्ध शास्त्रज्ञाची आठवण झालेल्या मुलाने बाकीचा मजकूर त्या आठवणीपुढे दुय्यम मानला. प्रश्नातले ‘परिच्छेद’ आणि ‘विषय’ हे शब्द दिसताच दुसऱ्या मुलाला निबंधाच्या तासाला मिळणाऱ्या सूचना आठवल्या : सुरुवात मोठ्या अक्षराने करायची, समास सोडायचा. एखादा शब्द वाजवीपेक्षा जास्त प्रभावी ठरतो, दुसरा वाजवीपेक्षा कमी, आणि त्यामुळे अर्थ बिघडतो, असे थॉर्नडाइक यांचे निदान होते. परिच्छेद वाचणे हे गणितातले उदाहरण सोडवण्यासारखे आहे. योग्य घटक निवडायचे, त्यांना योग्य संबंधांत जोडायचे आणि प्रत्येकाला योग्य तेवढेच वजन द्यायचे, असे त्यांनी लिहिले. कदाचित मुले खऱ्या अर्थाने वाचायला शिकतात ती शाळेबाहेर गोष्टी वाचताना आणि भूगोल-इतिहासासारख्या विषयांच्या अभ्यासात, असेही त्यांनी सुचवले होते. हे शेवटचे वाक्य पुढची अनेक दशके कोणी फारसे मनावर घेतले नाही.

मनावर घेतली गेली ती चाचणी. मुख्य विचार ओळखणे हे बहुपर्यायी प्रश्नात सहज बसणारे काम असल्याने ते वाचनाचे एक सुटे कौशल्य ठरले. फ्रेडरिक डेव्हिस यांनी १९४४ साली आकलनाच्या नऊ कौशल्यांचा सांख्यिकीय अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा उताऱ्यातील मुख्य विचार निवडणे हे त्यांतील एक होते. दोनच वर्षांनी लुई थर्स्टन यांनी त्याच आकड्यांचे पुन्हा विश्लेषण करून, ही नऊ कौशल्ये वेगवेगळी आहेत असे या माहितीवरून म्हणता येत नाही, असे दाखवले. वाद अभ्यासकांपुरता राहिला. शाळांनी यादी स्वीकारली. १९५७ साली डॉन पार्कर यांनी तयार केलेल्या रंगीत कार्डांच्या वाचनपेट्या बाजारात आल्या आणि मूल एकट्याने एकामागून एक छोटे उतारे वाचून प्रश्न सोडवत वरच्या रंगाकडे सरकू लागले. एका कार्डावरच्या विषयाचा दुसऱ्या कार्डावरच्या विषयाशी संबंध असण्याची गरज कोणाला वाटली नाही.

या व्यवस्थेला तडे गेले ते १९७०च्या दशकात. रिचर्ड ब्रॅडॉक यांनी १९७४ साली अमेरिकी नियतकालिकांतील व्यावसायिक लेखकांचे निबंध तपासले, तेव्हा माहितीपर परिच्छेदांपैकी सुमारे १३ टक्केच परिच्छेद विषयवाक्याने, म्हणजे परिच्छेदाचा विषय सांगणाऱ्या वाक्याने, सुरू होत असल्याचे आढळले. ‘पहिले वाक्य बघ’ हा सल्ला पाठ्यपुस्तकासाठी बेतलेल्या उताऱ्यांत उपयोगी पडत होता, खऱ्या लेखनात नाही. त्याहून मोठा धक्का डोलोरेस डर्किन यांच्या १९७८-७९ मधील अभ्यासाने दिला. चौथीच्या वर्गांत प्रत्यक्ष बसून त्यांनी वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटे नोंदवली; त्यांपैकी आकलन कसे साधायचे हे शिकवण्यात गेलेली मिनिटे होती फक्त २०. बाकीच्या वेळात शिक्षक प्रश्न विचारत, उत्तरे तपासत आणि स्वाध्याय देत. शिक्षकांवर ठपका ठेवण्यासाठी हा आकडा वापरला गेला, तो मला अन्याय्य वाटतो. मुख्य विचार मनात कसा तयार होतो, याचे वर्णनच तोवर कोणी त्यांच्या हाती दिले नव्हते.

ते वर्णन याच सुमारास आकाराला येत होते. वॉल्टर किंच आणि टोन व्हान डाइक यांनी १९७८ साली वाचक मजकुराचे सार कसे काढतो, याचे नियम मांडले : अनावश्यक तपशील गाळणे, अनेक तपशिलांसाठी एक व्यापक शब्द घेणे आणि मजकुरात कुठेही नसलेले सारवाक्य स्वतः रचणे. उदाहरणार्थ, ‘काही मुंग्या अन्नाचे कण वाहून आणतात. काही बिळाची डागडुजी करतात. काही अंडी आणि अळ्या सांभाळतात.’ या तीन वाक्यांचा मुख्य विचार ‘मुंग्या कामे वाटून घेतात’ असा आहे, आणि तो या तिन्हींपैकी एकाही वाक्यात लिहिलेला नाही. मूल तो शोधू शकत नाही. त्याला तो घडवावाच लागतो.

अॅन ब्राउन आणि जीन डे यांनी १९८३ साली हे नियम वेगवेगळ्या वयाच्या विद्यार्थ्यांवर तपासले. गाळण्याचे काम पाचवीच्या मुलांनाही चांगले जमत होते, पण त्यांची पद्धत बहुधा क्रमाने वाचत जायचे, हे वाक्य ठेवायचे, ते सोडायचे आणि ठेवलेले उतरवून काढायचे, अशी होती. स्वतःचे सारवाक्य रचणे सर्वांत उशिरा येत होते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही ते दर वेळी साधत नव्हते. ब्राउन यांनी सँड्रा स्मायली यांच्यासह १९७७ साली केलेला आधीचा एक अभ्यास मला त्याहूनही बोलका वाटतो. लोककथांमधील कोणता भाग अधिक महत्त्वाचा हे ठरवायला सांगितल्यावर लहान मुले गोंधळत, पण तीच कथा आठवून सांगताना महत्त्वाचे भागच त्यांना जास्त आठवत. म्हणजे महत्त्वाचे काय याची जाण मनात काम करत होती. ती ओळखून सांगता येत नव्हती. पीटर विनोग्राड यांनी १९८४ साली आणखी एक बाब दाखवली : वाचनात मागे असलेली मुले लेखकाला महत्त्वाचे वाटलेले नव्हे, तर स्वतःला रंजक वाटलेले वाक्य महत्त्वाचे म्हणून निवडतात. असे उत्तर चुकीचे म्हणून खोडण्यापेक्षा मुलाने ते का निवडले, हे विचारणे किती गरजेचे आहे, ते यावरून कळते.

अध्यापनाच्या पद्धती त्यानंतर भराभर आल्या. जेम्स कनिंगहॅम यांनी १९८२ साली सुचवलेल्या पद्धतीत मुले पहिल्या वाक्याचे सार पंधरा किंवा त्याहून कमी शब्दांत लिहितात, मग पहिल्या दोन वाक्यांचे तेवढ्याच शब्दांत, मग पहिल्या तीन वाक्यांचे. शब्दमर्यादा तीच राहिल्याने त्यांना दर वेळी आधीचे वाक्य मोडून नवे रचावे लागते. अॅनमेरी पॅलिंक्सार आणि ब्राउन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत शिक्षक आणि मुले आळीपाळीने चर्चेचे नेतृत्व करतात आणि सारांश, प्रश्न, स्पष्टीकरण व पुढचा अंदाज या चार गोष्टी मोठ्याने बोलून दाखवतात. जेम्स बाउमन यांनी १९८६ साली संपादित केलेल्या ग्रंथात तर मूळ संज्ञेचाच गोंधळ उघड झाला. मुख्य विचार म्हणून कोणी शीर्षक मागतो, कोणी विषय, कोणी विषयवाक्य, कोणी सारांश, तर कोणी तात्पर्य. एकाच नावाखाली इतक्या वेगळ्या अपेक्षा असताना मुलांची उत्तरे हुकली तर नवल नाही.

मुले विषयांच्या अभ्यासातून वाचायला शिकतात, हे थॉर्नडाइक यांचे दुर्लक्षित वाक्य पुन्हा ऐरणीवर आले ते १९८८ साली. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी माध्यमिक वयाच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. सारांश सांगणे आणि वाक्यांची महत्त्वानुसार निवड करणे, ही कामेही त्यात होती. खेळाची माहिती असलेली, पण वाचनात कच्ची गणली गेलेली मुले, खेळ माहीत नसलेल्या उत्तम वाचकांपेक्षा सरस ठरली. कोणता तपशील वजनदार आणि कोणता किरकोळ, हे विषय ओळखीचा असल्याशिवाय ठरवता येत नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा आधी क्वचितच मिळाला होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली सारांश करण्याचे थेट अध्यापन उपयुक्त असल्याचा निर्वाळा दिला. डॅनियल विलिंगहॅम यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर अशी पुस्ती जोडली की, अशा युक्त्या थोड्या काळात शिकून होतात आणि त्यांचा सराव लांबवत नेल्याने फायदा वाढत जात नाही. तेथील अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१० सालच्या सामाईक अभ्यासमानकांत माहितीपर मजकुराबाबत पहिलीला मुख्य विषय, तिसरीला मुख्य विचार आणि सहावीला मध्यवर्ती कल्पना अशी चढती मागणी आहे. तिसरीच्या मुलाने मुख्य विचार सांगून थांबायचे नाही, तर कोणते तपशील त्याला कसा आधार देतात हेही सांगायचे, अशी अट त्यात आहे. या अटीमुळे मुंग्यांच्या उताऱ्यावर ‘मुंग्या’ एवढेच उत्तर देणाऱ्या मुलाला ‘हे तुला कशावरून वाटले?’ असे विचारण्याची वाट शिक्षकाला मोकळी होते. एकाच विषयावरचे तीन-चार मजकूर सलग वाचून झाल्यावर हा प्रश्न विचारला, तर मुलाजवळ उत्तरासाठी पुरेसा मालमसालाही असतो. आठवडाभर ‘मुख्य विचार’ घोटण्यासाठी रोज वेगळ्या विषयाचा सुटा उतारा देण्याची प्रथा मात्र अजून मोडलेली नाही.